गोलातला सत्तावीस

ठाकूरद्वार, मुंबई २
१४ सप्टेंबर १९५९

चि. श्यामकांत यास अप्पामामाचे अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र गौरीजेवणाच्या दिवशी आलं. तुझ्या मामीनं ते आधी देव्हाऱ्यापुढे ठेवलं आणि मग मला वाचायला दिलं. कानटोपी घालतोस का, हे ती तिसऱ्यांदा विचारते आहे. या वेळी एका ओळीत उत्तर दे, म्हणजे माझी सुटका होईल. सूनबाई उर्मिला खुशाल आहे. तुझं पत्र ती माजघरात नेऊन पुन्हा एकदा वाचते, आणि आम्ही ते पाहिलं नाही असं दाखवतो.

आता कारखान्याची गंमत. परवा शनिवारी लष्कराच्या सतरा नव्या लॉऱ्या आगगाडीवर चढवायच्या होत्या, आणि त्याच दिवशी साडेपाचला शिवाजी पार्कावर समितीची सभा. मी पडलो सरकारी तपासनीस. प्रत्येक गाडीखाली वाकायचं, नट, पिना, दांडे बघायचे आणि मगच आपला शिक्क्याचा पंच ठोकायचा. अँटॉप हिलच्या उन्हात सतरा गाड्यांखाली वाकलो असतो तर महाराष्ट्र माझ्याशिवायच मिळाला असता.

तुला माझा पंच ठाऊकच आहे, बोटाएवढा, टोकाला गोल आणि गोलात सत्तावीस. तो दुसऱ्याच्या हाती द्यायचा नाही असा नियम. बावीस वर्षांत कमरेच्या साखळीवरून मी तो काढला नव्हता. शनिवारी काढला आणि गुणाजीला दिला. लालबागचा गुणाजी फिटर, अठरा वर्षं माझ्याबरोबर आहे. चारच्या आत सतराही गाड्या ठोकून टाक आणि तूही सभेला ये, असं त्याला सांगितलं. तो इतका खूश झाला की पंच आधी कपाळाला लावला.

सरकारी नोकराला सभा बंद, म्हणून मी काळा चष्मा लावून, टोपी खिशात घालून गेलो. मामीच्या मते मी मोतीबिंदू काढलेल्या रोग्यासारखा दिसत होतो. पण एकही भाषण बुडालं नाही, आणि तिकडे सतरा गाड्या पास होऊन रवाना झाल्या. हे पत्र वाचून फाडून टाक, नाहीतर तुला तुरुंगात माझा डबा आणावा लागेल.

प्रकृतीस जपावे. आमच्यावर लोभ आहेच, तो थंडीनं गोठू देऊ नये.

तुझा,
अप्पामामा
(सहीपुढे नेहमीचा गोल काढला आहे, पास समजावे.)


मार्फत ५६ ए. पी. ओ.
४ नोव्हेंबर १९५९

ती. अप्पामामांस श्यामकांतचा शि. सा. नमस्कार वि. वि.

कानटोपी घालतो. मामींना सांगा की झोपतानाही घालतो. फराळाचा डबा पोचला. चकल्यांचा भुगा झाला होता, तो आम्ही चमच्यानं खाल्ला. पितळेच्या डब्याच्या बुडाशी तुमचा सत्तावीस पाहून इथल्या मंडळींनी विचारलं, हा कुठल्या पलटणीचा नंबर. मग मला सगळी कथा सांगावी लागली. लोक लग्नातल्या भांड्यांवर नाव घालून घेतात आणि आमच्या मामांनी चिंतामणी असं नाव न घालता घरी बसून एकेका भांड्याच्या बुडावर सरकारी पंच ठोकला, कारण नाव पुसतं आणि हा पुसत नाही, असं त्यांचं मत. लहानपणी तुमच्या फुलपात्राखाली बोट घालून तो गोल चाचपत मी पाणी पीत असे, हेही सांगितलं.

मुद्दाम लिहायचं कारण, त्या सतरांपैकी पाच लॉऱ्या आमच्याकडे आल्या. पुढच्या चाकांकडे जाणाऱ्या स्टिअरिंगच्या दांड्यावर तोच गोल, तोच सत्तावीस. इथं दीड हजार मैलांवर घरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. नवी गाडी आली की वर्कशॉपच्या हवालदारानं, म्हणजे मी, खाली झोपून सगळे नट बघायचे असा रिवाज आहे. या पाचांच्या बाबतीत तुमच्या गोलावरून बोट फिरवलं आणि उठलो.

एक गाडी दगडूकडे दिली आहे. हा ड्रायव्हर लालबागचाच, मूळचा राजापूरकडचा, मोठा हौशी. तिला तो मामाची गाडी म्हणतो. दसऱ्याला तिला त्यानं कागदी फुलांचं तोरण केलं होतं.

आता राग मानू नका. गाड्या दिसायला देखण्या आहेत, पण चढावर पाणी उकळतं, थंडीत दहा जणांनी ढकलल्याशिवाय सुरू होत नाहीत, आणि दोन गाड्यांच्या स्प्रिंगच्या पाट्या महिन्याच्या आत मोडल्या. आमच्या साहेबांनी वर चांगलं तिखट पत्र लिहिलं आहे. तुमच्या कानावर येईलच.

मामींस सा. न. उर्मिलेस वेगळं पत्र टाकतो आहे. आपला वडीलकीचा हात असाच पाठीवर राहू द्यावा.

आपला,
श्यामकांत


ठाकूरद्वार, मुंबई २
२३ नोव्हेंबर १९५९

चि. श्यामकांत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुमच्या साहेबांचं तिखट दिल्लीला पोचलं आणि तिथून आमच्या कारखान्यावर येऊन पडलं. पुढच्या तीनशे गाड्यांची मागणी अडवून ठेवली आहे. दिल्लीवाले म्हणतात गाडीत खोट. कारखान्याचे मालक म्हणतात ड्रायव्हरांना गाडी कळत नाही, दुप्पट माल भरतात आणि पाणी उकळलं की बोंब मारतात. दोन्ही बाजूंचे कागद माझ्या टेबलावर येतात. मी मधे बसलो आहे, लग्नातल्या आंतरपाटासारखा.

मला विचारशील तर मी मालकांच्या बाजूचा. मुंबईत बनलेली लष्करी लॉरी काहींच्या डोळ्यांत खुपते. ही मागणी हातची गेली तर ती महाराष्ट्राबाहेर जाईल, आणि चारशे माणसं घरी बसतील. तेव्हा तुझ्या दगडूला सांग, मामाची गाडी जरा मायेनं चालव.

जूनमध्ये मी निवृत्त होतो. बावीस वर्षांत माझ्या शिक्क्याची एक वस्तू परत आलेली नाही. हा आकडा तसाच घेऊन घरी यायचं आहे, दुसरी इच्छा नाही.

सूनबाईनं तुझ्यासाठी मोजे विणले आहेत. एक लांब, एक आखूड झाला आहे, काही बोलू नकोस. इकडे तुझी आठवण रोज निघते, तिकडेही काढीत जावी.

तुझा,
अप्पामामा (गोल, सत्तावीस)


मार्फत ५६ ए. पी. ओ.
१२ जानेवारी १९६०

ती. अप्पामामांस शि. सा. न. वि. वि.

हे पत्र रजेवर येणाऱ्या माणसाच्या हाती देतो आहे, टपालानं पाठवण्यासारखं नाही.

सात तारखेला दगडूची गाडी उतारावर वळणात सरळच गेली. चाक फिरवलं, पण पुढची चाकं वळली नाहीत, असं तो सांगतो. गाडी चाळीस फूट खाली गेली. मागे बसलेला एक जवान जागीच गेला, एकवीस वर्षांचा होता. दगडूचा उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. तो इस्पितळात आहे आणि त्याच्यावर निष्काळजीपणाचा आरोप ठेवला आहे. प्यायला होता, असंही कुणीतरी उठवलं आहे. मामा, तो पानसुद्धा खात नाही.

मी खाली उतरून गाडी पाहिली. दांड्याचा नट गळून पडला होता. नट फिरू नये म्हणून त्यातून आडवी स्प्लिट पिन घालतात, हे मी तुम्हाला काय सांगू. पिनेच्या भोकात आतपर्यंत कारखान्याचा हिरवा रंग भरलेला होता, सबंध, ओरखडासुद्धा नाही. पिन निघाली नव्हती, ती कधी घातलीच नव्हती. आणि शेजारी तुमचा गोल होता.

मग उरलेल्या चारही गाड्यांखाली झोपलो. चारही भोकं रंगानं भरलेली. त्याच दिवशी पिना घातल्या. पण सतरांतल्या बारा गाड्या इतर ठिकाणी गेल्या आहेत आणि त्या आजही रस्त्यावर आहेत. कारखान्याचं तारेनं उत्तर आलं आहे की पिना होत्या, त्या आमच्या वर्कशॉपनं काढल्या आणि वरून रंग फासला, तपासनिसाचा शिक्का त्याची साक्ष आहे. आता सगळं तुमच्या एका शब्दावर अडलं आहे.

त्या शनिवारी काय झालं, ते मला माहीत आहे आणि तुम्हाला माहीत आहे. मी आणखी लिहीत नाही. फक्त लवकर करा.

एक काम आहे. दगडूची बायको सुभद्रा लालबागला गुणाजीच्या शेजारच्या चाळीत राहते. तिला भेटून धीर द्यावा. मी तिला काय तोंडानं लिहू, कळत नाही.

आपल्या आधारावरच आजवर चाललो आहे.

श्यामकांत


ठाकूरद्वार, मुंबई २
१ फेब्रुवारी १९६०

चि. श्यामकांत यास आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून फार वाईट वाटलं. असे अपघात डोंगरात होतच असतात, ड्रायव्हर नवा असला की जास्तच. गाडी तीन महिने तुमच्याकडे होती, तीन महिन्यांत कुणाचा हात कुठं लागला असेल, इथं बसून कोण सांगणार.

चौकशीच्या कागदावर मी रीतसर जबाब दिला आहे. सतराही गाड्या नियमाप्रमाणे तपासल्या, असं लिहिलं आहे. सध्या एक वेडावाकडा शब्द गेला तर तीनशे गाड्यांची मागणी जाईल आणि चारशे घरांच्या चुली विझतील, याचा तूही विचार करावास.

सर्दी-पडशामुळे लालबागला जाणं झालं नाही. बाकी ठीक.

अप्पामामा


मार्फत ५६ ए. पी. ओ.
२० फेब्रुवारी १९६०

ती. अप्पामामांस शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. अक्षर तुमचं होतं म्हणून विश्वास ठेवला.

मी काल माझ्या साहेबांपुढे उभा राहून जबाब दिला. नवी गाडी आली तेव्हा खाली वाकून नट बघणं माझं काम होतं, ते मी केलं नाही, असं सांगितलं. का केलं नाही, असं त्यांनी विचारलं. दांड्यावर माझ्या मामाचा शिक्का होता, असं म्हणालो. मामा, इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती. घरच्या फुलपात्रासारखा तो गोल चाचपला आणि एका माणसाला मरायला पाठवलं. वाकायला अर्धं मिनिट लागलं असतं.

साहेबांनी मागेच तार केली होती, पण ज्यांच्याकडे त्या बारा गाड्या आहेत ते म्हणतात, कारखाना आणि लष्कर यांचा वाद चालू आहे, तपासनिसाचा जबाब गाडी ठीक असल्याचा आहे, मग गाड्या का थांबवायच्या. त्यामुळे त्या धावताहेत. आणखी एखाद्या अपघाताची बातमी येईल या भीतीनं मी सकाळी टपाल येताना दूर जाऊन उभा राहतो.

तुमचं १४ सप्टेंबरचं पत्र मी फाडलं नव्हतं. तुमची पत्रं मी फाडत नाही. ते सोबत परत करतो आहे. माझ्याजवळ राहिलं असतं तर एखाद्या दिवशी मी ते साहेबांच्या टेबलावर ठेवलं असतं, आणि माझ्या हातून ते व्हावं असं मला वाटत नाही. ज्या घरात मी वाढलो, त्या घराच्या मालकाला मी पकडून दिलं असं होऊ नये. आता ते तुमच्याजवळ आहे. जाळलंत तर कुणाला कळणार नाही.

कानटोपी घालतो, असं मामींना सांगावं. लोभाबद्दल काय लिहू, तो माझ्याकडून कमी झालेला नाही, म्हणूनच हे लिहवलं.

श्यामकांत


ठाकूरद्वार, मुंबई २
३ मार्च १९६०

चि. श्यामकांत यास,

आशीर्वाद लिहायला हात कचरतो, तरी लिहितो. अनेक आशीर्वाद.

तुझं पाकीट सूनबाईच्या हातून माझ्या हाती आलं. तिनं काही विचारलं नाही. पण जानेवारीत हातपत्र आलं तेव्हापासून ती मला फुलपात्रात पाणी देत नाही, काचेचा पेला ठेवते. तुझं पत्र तिनंही वाचलं असणार. दीड महिना मी काचेतून पाणी पितो आहे आणि का, असं विचारायची माझी छाती झालेली नाही.

काल लालबागला गेलो. पत्र जाळण्याच्या आधी ती बाई एकदा बघू, असं मनात होतं. खोटं लिहीत नाही, जाळण्याच्या विचारानंच निघालो होतो.

सकाळचे अकरा वाजले होते. सुभद्रा रिकामी कळशी घेऊन नळाकडे निघाली होती. पाणी तर सकाळी सातलाच जातं. मी कोण ते सांगायच्या आधीच तिनं मला उंबऱ्याशी पाणी दिलं, गूळ दिला, मग नाव विचारलं. मग समजलं की बायका पाणी भरतात तेव्हा ती खाली उतरत नाही. सगळं आटोपल्यावर जाते आणि नळातून ठिबकेल तेवढं आणते. जानेवारीत कमळाबाई नावाच्या शेजारणीनं सगळ्यांसमोर म्हटलं होतं की हिच्या नवऱ्यानं पिऊन एका आईचा मुलगा मारला. तेव्हापासून हळदीकुंकवालाही तिला कुणी बोलावलेलं नाही. मी सरकारी माणूस आहे असं कळल्यावर तिनं एवढंच विचारलं की माझा माणूस तसा नाही, हे कुठल्या कचेरीत सांगायचं असतं. मी बघतो, असं पुटपुटलो आणि पाणी अर्धं टाकून उठलो.

श्यामकांत, ती जी लाज डोक्यावर घेऊन रिकाम्या नळाला जाते आहे ती माझी आहे. आता काय करायचं, ते मला त्या जिन्यातच उमगलं.

आता राहिलेलंही सांगून टाकतो. तुझं पत्र आल्यावर जानेवारीतच मी गुणाजीला विचारलं होतं. स्टोअरकीपर त्या दिवशी दुपारीच सभेला निघून गेला, कोठीला कुलूप, पिना मिळेनात. मी चारची वेळ घालून दिलेली. आगगाडी सोमवारपर्यंत यार्डातच उभी राहील, तेव्हा जाऊन पिना घालू, अशा हिशेबानं गुणाजीनं पंच ठोकले, आणि गाड्या शनिवारीच गेल्या. घाबरून तो बोलला नाही. हे सगळं कळल्यावर मी तो जबाब लिहिला. न कळता लिहिला असता तर चूक म्हणता आली असती.

आज सकाळी चौकशीच्या साहेबांकडे जाऊन जुना जबाब खोटा आहे असं लिहून दिलं. १४ सप्टेंबरचं पत्र जोडलं. माझीच थट्टा त्यांनी माझ्यासमोर मोठ्यानं वाचली, मोतीबिंदूच्या रोग्यासकट. कुणी हसलं नाही. बारा गाड्यांसाठी तारा माझ्यादेखत गेल्या. पंच जमा केला. तिथं हजर असलेल्या मालकांनी माझ्याकडे न बघता दार उघडून धरलं.

मागणी गेली तर चारशे माणसं मला शिव्या देतील. द्या म्हणावं.

क्षमा मागत नाही, तू ती देऊन टाकशील. जमेल तेव्हा चार ओळी लिहाव्या.

अप्पामामा


मार्फत ५६ ए. पी. ओ.
१२ एप्रिल १९६०

ती. अप्पामामांस शि. सा. नमस्कार वि. वि.

बाराही गाड्या थांबल्या. एकीचा नट शेवटच्या दोन आट्यांवर आला होता, तिच्यात वीस माणसं रोज जात होती. ही ओळ तुमच्यासाठी सगळ्यांत आधी लिहितो आहे.

दगडूवरचा आरोप मागे घेतला. माझ्या दंडावरची एक फीत काढली, ते योग्यच झालं. आता प्रत्येक गाडीखाली झोपतो. पोरं हसतात, हसू देत.

दगडू लाकडी पायावर चालायला शिकतो आहे. पण सुभद्राचं पत्र आलं, ते वाचून तो दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून होता. निर्दोष असल्याचा सरकारी कागद तिला मिळाला, पण तो इंग्रजीत आहे. चाळीतले लोक म्हणतात, साहेबांनी आपसांत मिटवलं. ती अजून अकरालाच नळावर जाते. मी इथून काय करू शकतो, ते सुचत नाही. तुम्हाला सुचलं तर बघावं.

मामींस सा. न. आपली पत्रं येत राहावीत.

श्यामकांत


ठाकूरद्वार, मुंबई २
२ मे १९६०

चि. श्यामकांत यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल महाराष्ट्र झाला. वर्तमानपत्रांतून तू वाचशीलच. गिरगावभर तोरणं, रोषणाई, पेढे. ज्या दिवसासाठी काळा चष्मा लावून सभा गाठल्या, त्या दिवशी मी पहाटेच उठून लालबागची वाट धरली, कारण पाणी सहाला येतं.

सुभद्राला तिच्या खोलीत गाठून सगळं सांगितलं. पंच, सभा, पिना, खोटा जबाब. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली की माझा माणूस तसा नाही हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे, मला सांगून काय उपयोग, खाली नळावर चला. आणि कळशी घेऊन ती पुढे निघाली. साहेबांपुढे बोलणं सोपं होतं रे, तिथं मी निदान खुर्चीत होतो.

खाली अंगणात रांगोळ्या होत्या, बायका नवी लुगडी नेसून पाणी भरत होत्या. मी हात जोडून सांगितलं की दगडू प्यायलेला नव्हता, त्याची काही चूक नव्हती, गाडी मी न बघता पास केली आणि मग खोटं बोललो, तो मुलगा माझ्यामुळे गेला. गुणाजीचं नाव घेतलं नाही. पंच माझा होता. मागची एक म्हातारी म्हणाली ऐकू आलं नाही, मोठ्यानं सांगा. तेव्हा पुन्हा सगळं मोठ्यानं सांगितलं, वरच्या गॅलऱ्यांपर्यंत.

मग कमळाबाईनं भरत आलेला आपला हंडा नळाखालून ओढून घेतला आणि सुभद्राची कळशी तिथं ठेवली. ती काठोकाठ भरेपर्यंत सगळ्या उभ्या होत्या. माझ्याकडे कुणी पाहिलं नाही. मार्चमध्ये नाव न विचारता मला पाणी मिळालं होतं. काल मला कुणी पाणी विचारलं नाही, आणि ते बरोबरच होतं.

चालतच घरी आलो. वाटेत लोक हातावर पेढा ठेवायला यायचे, मी उपास आहे म्हणायचो. घरात शिरलो तेव्हा घसा कोरडा पडला होता. कसं कोण जाणे, सूनबाईला ते दिसलं असावं. तिनं बऱ्याच महिन्यांनी फुलपात्रात पाणी आणून दिलं. मी सगळं प्यालो, पण बुडाखाली बोट जाऊ दिलं नाही.

तीनशे गाड्यांचं अजून ठरलेलं नाही. माझ्या निवृत्तीचे कागदही चौकशीत अडकले आहेत. त्याचं काय होईल ते होवो.

तुझा लोभ आहे, असं मी आता धरून चालत नाही. असला तर कळवावा.

चिंतामणी